बंदिस्त पक्ष्यांमधील वीर्यपरीक्षण व प्रजननक्षमता : वाणगावच्या खुराड्यापासून माळढोकापर्यंत

प्रस्तावना

पश्चिम रेल्वेच्या मार्गावर बोईसर आणि डहाणू रोड या स्थानकांच्या दरम्यान वाणगाव आहे. मिरचीसाठी आणि चिकूच्या वाड्यांसाठी हा परिसर परिचित आहे. रेल्वेमार्ग ओलांडून पूर्वेकडे गेल्यास डहाणू आणि तलासरी तालुक्यांतील वारली, मल्हार कोळी, कातकरी, धोडिया, दुबळा या समाजांचे पाडे सुरू होतात. २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात आणि त्यानंतर पालघर जिल्ह्यात समाविष्ट असलेल्या या भागात घराच्या मागे चार-दोन गावठी कोंबड्या आणि एखादा कोंबडा असणे ही नित्याची बाब आहे. कोंबडी खुडूक झाली की तिच्याखाली दहा-बारा अंडी ठेवली जातात. एकविसाव्या दिवसाच्या सुमारास पिल्ले बाहेर पडतात. काही अंडी मात्र फुटत नाहीत. अशी अंडी 'वांझ' समजून टाकून दिली जातात.

'वांझ' हा शब्द येथे सहज वापरला जात असला तरी तो निर्हेतुक नाही. मराठीत हा शब्द स्त्रीसाठी, गाईसाठी, म्हणजे मादीसाठी योजला जातो. अंड्याला तो लावला की दोष आपोआप कोंबडीच्या पदरी पडतो. कोंबड्याची चौकशी कोणी करीत नाही. तो आरवतो, तुरा लाल आहे, कोंबडीवर चढतो, एवढ्यावर त्याची पात्रता सिद्ध झालेली असते. ही दृष्टी केवळ खेड्यातील पशुपालकाची आहे असे नाही. पाश्चात्त्य विज्ञानातही विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकापर्यंत पाळीव पक्ष्यांतील नराची पद्धतशीर परीक्षा घेण्याचे सोयीस्कर साधन उपलब्ध नव्हते. नराची परीक्षा कशी सुरू झाली, तिच्यातून काय समजले, काय समजले नाही, आणि कुक्कुटगृहात जन्मलेले हे तंत्र महाराष्ट्राच्या माळरानावरील माळढोकापर्यंत कसे पोहोचले, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

नराची पारख : झुंज, रूप आणि नवस

पक्षी बंदिस्त ठेवण्याची परंपरा भारतात प्राचीन आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात राजाच्या विनोदांमध्ये कोंबड्यांच्या झुंजी, लाव्यांच्या झुंजी आणि श्येनपक्ष्यांची शिकार यांना स्वतंत्र स्थान दिलेले आहे. या साऱ्या प्रकरणांत नर पक्ष्याची पारख आहे. परंतु ती झुंजण्याच्या वृत्तीची, अंगलटीची, रंगाची आणि नख्यांची आहे. संततीच्या दृष्टीने नर कसा असावा, हा प्रश्न झुंजीच्या कोंबड्यांच्या बाबतीत थोडाफार उद्भवत असला पाहिजे. श्येनपक्ष्यांच्या बाबतीत तो उद्भवतच नव्हता, कारण ससाणे, बहिरी, शिक्रे ही सर्व जाळ्यात पकडलेली असत. पिंजऱ्यात त्यांची वीण करणे कोणाला आवश्यक वाटले नाही. निसर्गातील पुरवठा अखंड आहे असे गृहीत धरले गेले होते, आणि तेव्हा ते खरेही होते.

वारली समाजात कोंबड्याला विधींमध्ये महत्त्व आहे. देवाला कोंबडा देणे, नवस फेडणे, पाहुण्यासाठी कोंबडा कापणे या प्रथांमुळे खुराड्यातील नर फार काळ टिकत नाही. पशुवैद्यकाच्या दृष्टीने ही गोष्ट वाटते तितकी हानिकारक नाही. तरुण कोंबड्याचे वीर्य वयस्क कोंबड्याच्या तुलनेत साधारणतः सरस असते, आणि विधींमुळे नर बदलत राहिल्याने जवळच्या नात्यातील संकरही काही प्रमाणात टळतो. तथापि विधीसाठी निवडला जातो तो बहुधा डौलदार, वजनदार, निर्दोष कोंबडा. मागे राहतो तो उरलेला. या निवडीचा गावठी कोंबड्यांच्या वंशावर काय परिणाम झाला, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय ठरेल.

अंडे, वारा आणि हार्वीची कोंबडी

नराविना घातलेल्या अंड्यांची जाण प्राचीन ग्रीकांनाही होती. ॲरिस्टॉटलने अशा अंड्यांना 'वाऱ्याची अंडी' या अर्थाच्या नावाने संबोधले आहे. कोंबडा नसताना कोंबडी अंडे देते, पण त्यातून पिल्लू निघत नाही, हे त्याने स्पष्ट नोंदविले. मात्र कोंबडा असतानाही पिल्लू का निघत नाही, या प्रश्नाला त्याच्याकडे सरळ उत्तर नव्हते.

सोळाव्या-सतराव्या शतकात इटलीतील शरीररचनाशास्त्रज्ञ फॅब्रिशियस याने कोंबडीच्या गुदद्वाराजवळ एक पिशवी पाहिली आणि कोंबड्याचे वीर्य या पिशवीत साठून वर्षभर अंडी फलित करीत असावे, असा तर्क मांडला. ती पिशवी आजही त्याच्याच नावाने ओळखली जाते. तिचे खरे कार्य रोगप्रतिकाराशी निगडित आहे, हे विसाव्या शतकात सिद्ध झाले. फॅब्रिशियसचा विद्यार्थी आणि रक्ताभिसरणाचा शोध लावणारा विल्यम हार्वी याने १६५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्राण्यांच्या उत्पत्तीविषयक ग्रंथात गुरूचे हे मत खोडून काढले. कोंबडा दूर केल्यानंतरही कोंबडी काही दिवस फलित अंडी देते हे त्याला ठाऊक होते. पण शवविच्छेदनात त्याला वीर्य कोठेच सापडले नाही. १६७७ मध्ये लेव्हेनहुक याने सूक्ष्मदर्शकाखाली शुक्राणू पाहिले आणि पुढे कोंबड्याच्या शुक्राणूंचेही निरीक्षण केले. तरीही हार्वीला न सापडलेले वीर्य कोठे दडते, याचा उलगडा होण्यास सुमारे तीन शतके लागली. कोंबडीच्या अंडनलिकेत गर्भाशय आणि योनी यांच्या सांध्यावर अतिसूक्ष्म नलिका असतात आणि शुक्राणू तेथे साठून राहतात, हे १९६० च्या दशकात निश्चित झाले. कोंबडीत हा साठा दोन ते तीन आठवडे, तर टर्कीत त्याहून बराच अधिक काळ टिकतो. वाणगावच्या पाड्यावर कोंबडा कापल्यानंतरही आठवडा-दीड आठवडा घातलेली अंडी उबवता येतात, या अनुभवसिद्ध गोष्टीचे कारण या नलिकांत आहे.

बेल्ट्सव्हिल, १९३५

पक्ष्यांमध्ये कृत्रिम रेतनाचे आरंभीचे प्रयोग विसाव्या शतकाच्या प्रारंभी रशियात इल्या इव्हानोव्ह याने केले. परंतु वीर्य मिळविण्याच्या तत्कालीन पद्धती अडचणीच्या होत्या. कोंबड्याला मारून वीर्यवाहिनीतून वीर्य काढणे किंवा संभोगानंतर कोंबडीच्या शरीरातून ते परत मिळविणे, अशा मार्गांनी एका नराची पुनःपुन्हा परीक्षा घेणे शक्य नव्हते. ही अडचण अमेरिकेच्या कृषी खात्याच्या बेल्ट्सव्हिल येथील संशोधन केंद्रात डब्ल्यू. एच. बरोज आणि जे. पी. क्विन यांनी दूर केली. १९३५ आणि १९३७ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेली पद्धती आजही मूलतः तीच आहे. एकजण कोंबड्याला पाय धरून आधार देतो. दुसरा त्याच्या पाठीवरून शेपटीकडे हात फिरवितो, पोटाच्या खालच्या बाजूस हलके मर्दन करतो, आणि गुदद्वार उलटताच दोन्ही बाजूंनी बोटांनी दाबून वीर्य लहान काचपात्रात घेतो. सरावलेल्या माणसाला यासाठी अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ लागत नाही. कोंबडाही काही दिवसांत सरावतो.

या पद्धतीचे ऐतिहासिक महत्त्व तिच्या साधेपणात आहे. तिच्यामुळे एकच नर आठवड्यातून दोन-तीन वेळा तपासता येऊ लागला आणि त्याची नोंद ठेवता येऊ लागली. नर प्रथमच मोजमापाचा विषय झाला. या बदलामागे ज्ञानजिज्ञासेपेक्षा व्यवसायाची गरज अधिक होती, हे मान्य केले पाहिजे. कोंबड्या पिंजऱ्यात स्वतंत्र ठेवल्या जाऊ लागल्या, म्हणजे प्रत्येकीच्या अंड्यांचा हिशेब ठेवता येईल. पण पिंजऱ्यात कोंबडा शिरणार कसा? टर्कीच्या बाबतीत तर रुंद छातीच्या जाती निवडत गेल्यामुळे नराला नैसर्गिक संभोगच अवघड झाला आणि संपूर्ण उद्योग कृत्रिम रेतनावर अवलंबून राहिला. माणसाने मांसासाठी घडविलेल्या नराची उणीव माणसालाच भरून काढावी लागली.

वीर्य गोठवून ठेवण्याचा शोधही कोंबड्याच्या वीर्यावरच लागला. १९४९ मध्ये लंडनच्या मिल हिल येथील संशोधन संस्थेत ख्रिस्तोफर पोल्ज, ऑड्री स्मिथ आणि ॲलन पार्क्स यांना ग्लिसरॉल मिसळलेल्या द्रावणात कोंबड्याचे शुक्राणू अतिशीत तापमानातून सजीव परत मिळाले. बाटलीवरील चिठ्ठीची गफलत होऊन साखरेच्या द्रावणाऐवजी ग्लिसरॉलयुक्त द्रावण वापरले गेले आणि त्यातून हा शोध लागला, ही हकिकत प्रसिद्ध आहे. गंमत अशी की या शोधाचा खरा लाभ गोवंशाला झाला. ग्लिसरॉल कोंबडीच्या अंडनलिकेत गेले की फलन रोखते. त्यामुळे वापरापूर्वी ते काढून टाकावे लागते आणि त्यात शुक्राणूंची हानी होते. बैलाच्या वीर्याबाबत ही अडचण नाही. मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळीकांचन येथे स्थापन केलेल्या 'बाएफ' या संस्थेने गोठविलेल्या वीर्याचे कृत्रिम रेतन महाराष्ट्रातील गोठ्यांपर्यंत नेले. त्यामुळे मराठी शेतकऱ्याला 'कृत्रिम रेतन' हा शब्द गाईच्या संदर्भात परिचित आहे. कोंबडीच्या संदर्भात तो आजही त्याला नवखा वाटतो.

वीर्याची परीक्षा

कोंबड्याच्या एका वेळच्या वीर्याचे आकारमान साधारणतः ०.२ ते ०.५ मिलिलिटर, म्हणजे काही थेंब, इतकेच असते. परंतु या थेंबांत प्रतिमिलिलिटर सुमारे ३ ते ७ अब्ज शुक्राणू असतात. बैलाच्या वीर्यात हे प्रमाण त्याहून कितीतरी कमी असते. पक्ष्याचा शुक्राणू लांब, बारीक, दोऱ्यासारखा असतो. शरीराचे तापमान सुमारे ४१ अंश सेल्सियस असूनही वृषणे शरीराच्या आतच असतात, ही बाब सस्तन प्राण्यांच्या अभ्यासकाला प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते.

परीक्षेची सुरुवात डोळ्यांनी होते. चांगले वीर्य दाट, मोत्यासारखे पांढरे दिसते. पाणचट वीर्यात शुक्राणू कमी असतात. हिरवट-तपकिरी छटा विष्ठेची, खडूसारखे कण मूत्रक्षारांचे आणि गुलाबी रंग रक्ताचा निदर्शक असतो. विष्ठा आणि मूत्र एकाच द्वारातून बाहेर पडत असल्याने पक्ष्यांच्या वीर्यात भेसळ होणे सहज शक्य असते, आणि भेसळयुक्त वीर्यावरून नराला नापास करणे म्हणजे वीर्य काढणाऱ्याच्या हाताचा दोष कोंबड्याच्या माथी मारणे होय. या कारणास्तव वीर्य काढण्यापूर्वी काही तास खाद्य बंद ठेवण्याची प्रथा आहे.

त्यानंतर सूक्ष्मदर्शकाखाली थेंब पाहिला जातो. दाट वीर्यात शुक्राणूंच्या समूहाच्या लाटा उसळताना दिसतात. त्यांच्या वेगावरून शून्य ते पाच असे गुण देण्याची रीत आहे. हे गुण पाहणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून असतात, म्हणून त्यांना संख्येची जोड दिली जाते. वीर्य सुमारे दोनशे पट पातळ करून, रक्तपेशी मोजण्याच्या चौकटी आखलेल्या काचपट्टीवर शुक्राणूंची गणना करतात. इओसिन आणि निग्रोसिन ही रंजके वापरल्यास मृत शुक्राणू गुलाबी रंगतात आणि जिवंत रंगाविना राहतात. मान वाकलेले, शेपूट तुटलेले विकृत शुक्राणूही त्याच पट्टीवर मोजता येतात. मेथिलीन ब्लू या निळ्या रंगाचा लोप होण्यास किती वेळ लागतो, यावरून शुक्राणूंच्या चयापचयाचा अंदाज बांधतात. यातील बहुतेक चाचण्यांना एक बरा सूक्ष्मदर्शक, काही रंजके आणि धीर पुरेसा आहे. प्राणिशास्त्र विभाग असलेल्या कोणत्याही महाविद्यालयात त्या करता येतात.

रेतनाची वेळ महत्त्वाची असते. बहुतेक कोंबड्या सकाळी अंडी घालतात. कवच तयार झालेले अंडे गर्भाशयात असेल तर शुक्राणूंची वाट अडते. म्हणून रेतन दुपारनंतर केले जाते. पक्ष्यांमध्ये सामान्यतः डावी अंडनलिकाच कार्यरत असल्याने गुदद्वार उलटवून डाव्या बाजूच्या छिद्रात वीर्य सोडावे लागते. शरीराबाहेर पक्ष्याचे वीर्य झपाट्याने निकामी होत असल्यामुळे ते तासाभरात वापरणे इष्ट ठरते. सुमारे १० कोटी शुक्राणूंची मात्रा आठवड्यातून एकदा दिल्यास कोंबडीत चांगले फलन होते.

महाराष्ट्रात या तंत्राला व्यावसायिक महत्त्व आले ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये उभारलेल्या वेंकटेश्वरा हॅचरीज या संस्थेचा व्याप पुढे पुण्यातून चालू लागला आणि पैदाशीच्या पक्ष्यांचे मोठे प्रकल्प राज्यात उभे राहिले. मुंबईत गोरेगावच्या आरे वसाहतीत केंद्र शासनाची कुक्कुटविकास संघटना कार्यरत आहे, आणि १९७९ मध्ये इज्जतनगर येथे केंद्रीय पक्षी संशोधन संस्था स्थापन झाली. पिंजऱ्यातील पैदास-पक्ष्यांत कृत्रिम रेतन वापरले जाऊ लागल्यावर नराचे वीर्य तपासणे हा कामाचाच भाग झाला. एक कमकुवत नर जमिनीवरील कळपात लपून राहू शकतो, कारण दुसरा नर त्याची उणीव भरून काढतो. पिंजऱ्यात मात्र त्याचे वीर्य दहा-वीस माद्यांत जाते आणि नुकसान लगेच दिसते.

पाड्यावरील परिस्थिती याच्या अगदी उलट आहे. परसातील कुक्कुटपालनाच्या योजनांतून 'वनराजा' किंवा 'गिरिराजा' यांसारखे सुधारित पक्षी आदिवासी भागात पोहोचले. हैदराबाद येथील कुक्कुट संशोधन संचालनालयात विकसित झालेल्या वनराजाच्या माद्या अंडी अधिक देतात, पण सहसा खुडूक होत नाहीत. त्यांची अंडी गावठी कोंबडीखालीच ठेवावी लागतात. अशा वेळी अंडी न फुटल्यास दोष नेमका कोणाचा, हे ठरविणे आणखी कठीण होते. अंडी एका मादीची, ऊब दुसरीची, आणि कोंबडा तिसऱ्याच घरचा असू शकतो. वजनदार सुधारित नर आधी विकला गेला, तर दहा-बारा माद्यांमागे एखादा कोवळा किंवा म्हातारा नर उरतो. सातव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत विजेरीसमोर अंडे धरून पाहिल्यास रक्तवाहिन्यांचे जाळे दिसते किंवा दिसत नाही. एवढी साधी तपासणीही दोषाचे निदान निम्म्यावर आणू शकते.

फलित, अफलित आणि फसवे अंडे

हे निदान निम्म्यावरच का थांबते, याचे उत्तर अलीकडच्या संशोधनात मिळते. उजेडात आरपार स्वच्छ दिसणारे अंडे अफलितच असते, असे दीर्घकाळ मानले गेले. परंतु भ्रूण पहिल्या एक-दोन दिवसांतच मरण पावल्यास ते अंडेही तसेच दिसते. १९८० च्या दशकानंतर जी. जे. विशार्ट आणि इतर संशोधकांनी बलकाभोवतीच्या पटलाचे सूक्ष्मदर्शकाखाली परीक्षण करण्याच्या पद्धती विकसित केल्या. शुक्राणूने पटलाला पाडलेली छिद्रे आणि पटलात अडकलेले शुक्राणू मोजता येऊ लागले. न उबलेले अंडेसुद्धा आता साक्ष देऊ लागले. २०१२ मध्ये इंग्लंडमधील शेफील्ड विद्यापीठाच्या निकोला हेमिंग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संकटग्रस्त पक्ष्यांच्या न उबलेल्या अंड्यांवर अशा पद्धती वापरल्या, तेव्हा अफलित समजल्या गेलेल्या अंड्यांपैकी अनेक प्रत्यक्षात फलित होती आणि त्यांतील भ्रूण अगदी आरंभीच मृत झाले होते, असे आढळून आले.

या निष्कर्षाचा अर्थ दूरगामी आहे. अंडे अफलित असेल तर नर, मादी किंवा जोडीची जुळणी यांत दोष शोधावा लागतो. भ्रूण मेले असेल तर उबवणयंत्राचे तापमान, आहार, जवळच्या नात्यातील संकर अशी वेगळीच कारणे पुढे येतात. एका चुकीच्या शब्दामुळे दोन निराळ्या रोगांवर एकच औषध दिले जात होते.

वीर्याच्या चाचण्यांनाही अशाच मर्यादा आहेत. सूक्ष्मदर्शकाखाली उत्तम गुण मिळविणाऱ्या कोंबड्याची प्रत्यक्ष फलनक्षमता सामान्य असू शकते. मादीच्या शरीरात सोडलेल्या शुक्राणूंपैकी अगदी थोडे, सुमारे एक टक्का, साठवणनलिकांपर्यंत पोहोचतात. तेथे पोहोचणे ही निव्वळ संख्येची नव्हे, तर प्रवाहाविरुद्ध सतत पुढे जाण्याची परीक्षा असते. अमेरिकेतील ऑरेगन येथे डेव्हिड फ्रोमन यांनी १९९० च्या दशकात यासाठी वेगळी चाचणी तयार केली. शुक्राणूंना अधिक घन द्रावणाच्या थरात शिरावे लागते आणि जे शिरतात तेच मोजले जातात. नैसर्गिक अडथळ्याची नक्कल करणारी ही चाचणी फलनक्षमतेशी अधिक जुळणारी ठरली. परीक्षेत उत्तीर्ण झालेला प्रत्येक विद्यार्थी व्यवहारात यशस्वी होतोच असे नाही, हे अध्यापक वर्गाला वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

कुक्कुटगृहाबाहेर : ससाणा, क्रौंच, तणमोर

१९६० च्या दशकात डीडीटीमुळे उत्तर अमेरिकेतील बहिरी ससाण्याची अंडी पातळ कवचाची होऊ लागली आणि पक्षी झपाट्याने घटले. निसर्गातील पुरवठा अखंड आहे, या सोमेश्वराच्या काळापासून चालत आलेल्या गृहीतकाचा येथे अंत झाला. कॉर्नेल विद्यापीठात टॉम केड यांनी १९७० मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पात १९७३ मध्ये वीस पिल्ले वाढविण्यात आली. माणसाच्या हाताखाली वाढलेले काही शिकारी पक्षी माणसालाच जोडीदार समजतात. अशा नरांकडून खास बनविलेल्या टोपीवर वीर्य मिळविण्याची युक्ती ससाणेपालकांनी शोधली. येथे बरोज-क्विन पद्धतीतील मर्दनाची गरज नव्हती. उत्तर अमेरिकेतील व्हूपिंग क्रौंचाच्या बाबतीत जॉर्ज आर्चिबाल्ड यांनी माणसाळलेल्या 'टेक्स' या मादीसमोर क्रौंचनृत्य करून तिला अंडी घालण्यास प्रवृत्त केले. कृत्रिम रेतनाने फलित झालेल्या तिच्या अंड्यातून १९८२ मध्ये एक पिल्लू जगले. या कथा रंजक आहेत. परंतु त्यांतून प्रत्येक जातीचे वीर्य, ऋतू आणि स्वभाव स्वतंत्रपणे अभ्यासावा लागतो, हा धडा मिळाला. कोंबड्याची अंडीभर माहिती क्रौंचाला लागू पडत नाही.

माळढोकाच्या कुळातील हुबारा या पक्ष्यावर अरब देशांत आणि मोरोक्कोत मोठ्या प्रमाणावर कृत्रिम रेतन केले जाते. तेथील हजाराहून अधिक नरांच्या वीर्यनोंदींचा अभ्यास ब्रायन प्रेस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केला. तरुणपणी प्रणयप्रदर्शनात सर्वांत पुढे असणाऱ्या नरांच्या वीर्याची प्रत वयानुसार लवकर ढासळते, असे त्यात दिसून आले. वय होऊनही हे नर प्रदर्शन मात्र चालूच ठेवतात. म्हणजे डौलावरून नराची पारख करण्याची जुनी रीत येथे फसते. पिसारा आणि हुंकार यांवर विसंबून प्रकल्पातील नर निवडल्यास म्हाताऱ्या नराचे दुबळे वीर्य वापरले जाण्याचा धोका संभवतो.

माळढोक आणि महाराष्ट्र

महाराष्ट्राच्या दृष्टीने या साऱ्या इतिहासाचे तात्पर्य माळढोकाशी जोडलेले आहे. सोलापूर जिल्ह्यातील नान्नजच्या माळरानावरील माळढोकांकडे १९७० च्या दशकात पक्षिनिरीक्षक बी. एस. कुलकर्णी यांनी लक्ष वेधले. १९७९ मध्ये सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांतील सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर क्षेत्र माळढोक अभयारण्य म्हणून घोषित झाले. पुढे हे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत कमी करण्यात आले. १९८० च्या दशकात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांनी नान्नज येथे राहून पक्ष्यांच्या सवयी नोंदविल्या. पावसाळ्यात गळ्याची पिशवी फुगवून घुमणारा नर, आणि बहुधा वर्षाकाठी एकच अंडे घालणारी मादी. कोंबडीच्या खुराड्यात एक अंडे वाया गेले तर दुसऱ्या दिवशी दुसरे मिळते. माळढोकाच्या मादीचे एक अंडे वाया गेले तर वर्ष वाया जाते.

एकविसाव्या शतकात माळढोकांची भारतातील एकूण संख्या सुमारे दीडशेवर आली, त्यातील बहुतांश राजस्थानातील थर वाळवंटात. नान्नजच्या माळरानावर हे पक्षी एक-दोनच दिसू लागले. गुजरातमधील कच्छमध्ये तर केवळ काही माद्याच उरल्या. या माद्यांनी अंडी घातली तरी ती अफलितच राहणार, कारण नरच नाही. 'वांझ अंडे' या शब्दाचा अर्थ येथे आपल्या मुळाशी येऊन पोहोचतो. मादीत दोष नाही, अंड्यात दोष नाही. फक्त माळरानावर दुसरे कोणी नाही.

केंद्र शासन, राजस्थान वनविभाग आणि डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था यांनी संयुक्तपणे हाती घेतलेल्या प्रकल्पात २०१९ पासून जैसलमेर परिसरातील वन्य माळढोकांची अंडी गोळा करून पिल्ले वाढविण्यात आली. अबुधाबी येथील हुबारा संवर्धन संस्थेकडून कृत्रिम रेतनाचे प्रशिक्षण घेण्यात आले. रामदेवरा येथील 'सुदा' नावाच्या नराला कृत्रिम मादीची सवय लावून त्याचे वीर्य मिळविण्यात आले, ते तपासून सुदासरी येथे नेण्यात आले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये 'टोनी' नावाच्या मादीत रेतन करण्यात आले. १६ ऑक्टोबर २०२४ रोजी पिल्लू बाहेर पडले. माळढोकात कृत्रिम रेतनाने झालेला हा पहिला जन्म होय. वीर्य ज्या वाटेने गेले, ती वाट शंभर किलोमीटरहून अधिक आहे. आणि पक्ष्याचे वीर्य किती लवकर निकामी होते, हे पूर्वी पाहिलेच आहे. त्या प्रवासातील प्रत्येक निर्णय, म्हणजे कोणत्या द्रावणात, कोणत्या तापमानात, किती वेळात, हा बेल्ट्सव्हिल आणि मिल हिल येथील कोंबड्यांचा वारसा आहे.

माळढोकांच्या मृत्यूंमागे वीजवाहक तारांशी होणारी धडक हे एक प्रमुख कारण असल्याचे सर्वोच्च न्यायालयापुढेही मांडले गेले आणि २०२१ मध्ये न्यायालयाने त्याबाबत आदेश दिला. वीर्यपरीक्षणाने तारा खाली उतरत नाहीत आणि माळराने नांगरणे थांबत नाही. म्हणून पिंजऱ्यातील यशाला मर्यादेतच पाहिले पाहिजे. तरीही वीर्य गोठवून साठविण्याचा विचार अशा जातींबाबत होणे स्वाभाविक आहे. येथे पक्ष्यांच्या शरीराची एक विशेष अडचण आड येते. सस्तन प्राण्यांत लिंगनिश्चिती नराच्या शुक्राणूवर अवलंबून असते. पक्ष्यांत ती मादीच्या अंड्यावर असते. नराच्या सर्व शुक्राणूंत एकच लिंगगुणसूत्र असते, तर मादीकडे दोन भिन्न लिंगगुणसूत्रे असतात आणि मादीपणाचे गुणसूत्र केवळ तिच्याकडून पुढे जाते. पेशीतील ऊर्जाकणांचा वारसाही तिच्याकडूनच येतो. परिणामी वीर्याची कितीही मोठी पेढी उभारली तरी तिच्यातून एकही मादी निर्माण करता येत नाही. नान्नजच्या गवतात उरलेली मादी नाहीशी झाली, तर तिच्या वंशाचा तो भाग कोणत्याही द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीत सापडणार नाही.